पोटाची खबर श्वासाला

मुलांनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही गावी जा, चार मोठी माणसे ओट्यावर बसली की थोड्या वेळात पोटाचा विषय निघतोच. कोणी म्हणतो, "कालपासून गॅस झाला आहे." कोणी म्हणतो, "छातीत जळजळ होते." एखादी आजी सांगते, "दूध घेतले की पोट गुडगुडते, म्हणून मी कोरा चहाच पिते." मग प्रत्येकाजवळ एक उपाय असतो. ओवा चावा, सोडा घ्या, मेडिकलमधून अमुक गोळी आणा. गोळी घेतली की चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

या माणसांच्या पोटात नेमके काय चालले आहे? आत जखम आहे काय? दूधच पचत नाही, की दुसरेच काही आहे? पोट म्हणजे बंद पेटी. बाहेरून हात लावून डॉक्टरांना थोडे कळते, सगळे कळत नाही. या पेटीचे कुलूप न उघडता आतली खबर काढण्याची एक युक्ती आहे. तिला श्वासचाचणी म्हणतात. तिच्यात सुई टोचत नाहीत आणि घशातून नळीही घालत नाहीत. रुग्णाने एका पिशवीत फुंकायचे असते, एवढेच. पोटाचा आणि फुंकण्याचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. तोच संबंध आज समजून घेऊ.

न कापता आतले ओळखण्याची इच्छा फार जुनी आहे. तुमच्या घरी हकीमसाहेबांच्या गोष्टी ऐकल्या असतील. हकीम नब्ज पाहत आणि कारूरा, म्हणजे बाटलीतली लघवी, उजेडात धरून पाहत. इब्न सीना यांच्या 'अल-कानून' या प्रसिद्ध ग्रंथात या दोन्ही परीक्षांची सविस्तर माहिती आहे. श्वासाचा वासही वैद्य आणि हकीम घेत असत. मधुमेह फार वाढला की रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. मूत्रपिंडे निकामी झाली की श्वासाला लघवीसारखा वास येतो. म्हणजे शरीराच्या आतली बातमी श्वासाबरोबर बाहेर येते, हे पूर्वीच्या लोकांच्या नाकाला माहीत होते. मोजण्याचे साधन मात्र त्यांच्याजवळ नव्हते.

पोटात प्रत्यक्ष डोकावण्याची पहिली मोठी संधी एका अपघाताने मिळाली. १८२२ साली उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुराला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठरापर्यंत जाणारे एक भोक तसेच राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहिले. किती वेळात किती पचले, हे त्यांनी लिहून ठेवले. १८३३ साली त्यांचे पुस्तक निघाले. पचनाचे शास्त्र त्यामुळे पुष्कळ पुढे गेले. सेंट मार्टिनला मात्र या प्रयोगांचा कंटाळा येई. मध्येच तो आपल्या गावी निघूनही गेला होता. मला तर त्याची दयाच येते. दुसऱ्याच्या ज्ञानासाठी आपल्या पोटाची खिडकी उघडी ठेवणे कोणाला आवडेल?

पुढे दुर्बीण आली. १९५७ साली बेसिल हर्शोविट्झ यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची, वाकणारी दुर्बीण वापरून दाखविली. आज पोटात जखम आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर तोंडावाटे अशीच दुर्बीण घालतात. ती तपासणी चांगली आहे आणि गरज असेल तेव्हा करायलाच हवी. तरी घशातून नळी उतरवायची म्हटले की माणूस घाबरतो. लहान मुले तर फारच घाबरतात. म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर दुर्बिणीशिवाय मिळू शकते, ते तसेच मिळवावे, असा विचार डॉक्टरांनी केला.

आता श्वासाकडे वळू. एक सोपा प्रयोग करा. पानाच्या दुकानातला थोडासा चुना पेलाभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर ठेवा. हे काम शिक्षकांसमोर करा, कारण चुना डोळ्यांत जाता कामा नये. सकाळी वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या पेल्यात ओता. ही चुन्याची निवळी. तिच्यात नळीने हळूहळू फुंका. लक्षात ठेवा, फुंकायचे आहे, ओढायचे नाही. थोड्याच वेळात पाणी दुधासारखे पांढरे होते. आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडने हे केले. आत घेतलेल्या हवेत हा वायू शेकडा ०.०४ च्या आसपास असतो आणि बाहेर टाकलेल्या हवेत शेकडा ४ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ शंभरपट. हा वायू फुप्फुसात तयार झालेला नाही. तो हातापायांत, मेंदूत, यकृतात, साऱ्या शरीरात तयार झाला आणि रक्ताने तो फुप्फुसापर्यंत आणून सोडला. रक्त ही आपल्या शरीरातली एस. टी. बस आहे म्हणा ना. ती प्रत्येक गावी थांबते, प्रवासी घेते आणि फुप्फुसाच्या स्टँडवर वायूंना उतरवते.

मग आतड्यात जर एखादा वेगळा वायू तयार झाला, तर तोही याच बसने श्वासात येईल की नाही? येतो. श्वासचाचणीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

आतड्यात वायू कोण तयार करते? आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. (आतडे म्हणजे उर्दूत आंत, आणि जठर म्हणजे मेदा. हे दोन शब्द पाठ करा, पुढे पुन्हा येणार आहेत.) आपण खाल्लेले अन्न आधी जठरात आणि मग सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात पचते. तेथे पचलेली साखर रक्तात जाते. जी साखर पचली नाही, ती पुढे मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथल्या जीवाणूंची मेजवानी होते. ते ती आंबवतात. आंबवताना हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही माणसांत मिथेन हे वायू निघतात. यातील हायड्रोजन महत्त्वाचा. आपल्या शरीराच्या पेशी हायड्रोजन वायू तयार करीत नाहीत. म्हणून श्वासात हायड्रोजन वाढला, तर तो जीवाणूंकडूनच आला, हे नक्की.

ही गोष्ट नीट लक्षात यायला अंतराळवीर कारण झाले, हे वाचून तुम्हाला हसू येईल. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत माणसाला अंतराळात पाठविण्याची तयारी चालली होती. बंद यानात माणसांच्या पोटातला वायू साठला तर काय होईल? हायड्रोजन आणि मिथेन हे दोन्ही पेट घेणारे वायू आहेत! म्हणून डोरिस कॅलोवे या आहारतज्ज्ञ बाईंनी अंतराळातले जेवण जेवणाऱ्या माणसांच्या पोटातील वायूंचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांचा श्वासही तपासला. त्याच सुमारास मायकेल लेव्हिट या डॉक्टरांनी आतड्यातील हायड्रोजन किती तयार होतो आणि श्वासातून किती बाहेर पडतो, हे मोजले. त्यांचा लेख १९६९ साली प्रसिद्ध झाला. पोटातल्या वायूवर लोक हसतात, त्यावर जन्मभर अभ्यास करणारे लेव्हिट यांच्यासारखे लोकही असतात. त्यांच्यामुळेच एक खरी तपासणी हाती आली.

आता ही तपासणी कशी करतात ते पाहू. समजा, दिग्रसची दहावीतील एक मुलगी आहे. सकाळी पेलाभर दूध पिऊन ती शाळेत येते. दुसऱ्या तासाला तिचे पोट फुगते, गुडगुडते, कधी मुरडा येतो. वर्गात आवाज होईल म्हणून ती लाजते. घरचे म्हणतात, "अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय!" डॉक्टरांना शंका येते की हिला दुधातली साखर पचत नसावी. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती तोडण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर असते. बाळपणी ते सर्वांमध्ये भरपूर असते, कारण बाळाचे अन्नच दूध. पुढे जगातील बहुतेक माणसांमध्ये ते कमी होत जाते. आपल्या देशात उत्तरेकडच्या लोकांत ते जास्त टिकते आणि दक्षिणेकडे कमी. हा काही रोग नाही, आणि मुलीचा दोषही नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिने तुरीची डाळ, ज्वारीची भाकरी, भाज्या आणि दूध टाळायचे. संध्याकाळी साधा पांढरा भात खायचा. भातच का? कारण भात लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचतो, जीवाणूंसाठी फारसे उरत नाही. डाळीचे तसे नसते. पोळीचेही थोडे पीठ न पचता पुढे जाते, हे लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९८१ मध्ये याच पद्धतीने दाखविले होते. भात खाल्ल्यावर रात्रभर, सुमारे बारा तास, उपाशी राहायचे. साधे पाणी चालते. तुम्हाला रोज्याची सवय आहे, तेव्हा हे उपाशी राहणे काही कठीण नाही. पण तपासणीत साखरेचे पाणी प्यावे लागते, म्हणून रोजा असताना ती करता येत नाही. डॉक्टरांना सांगितले की ते रमजाननंतरची तारीख देतात.

सकाळी ती आधी चूळ भरते, कारण तोंडातही जीवाणू असतात आणि ते निकाल बिघडवू शकतात. मग एका पिशवीत किंवा यंत्राच्या नळीत फुंकते. हा पहिला नमुना. यानंतर पाण्यात विरघळवलेले २५ ग्रॅम लॅक्टोज ती पिते. सुमारे अर्धा लिटर दुधात जेवढी साखर असते, तेवढी ही आहे. पुढे तीन तास दर अर्ध्या तासाने ती पुन्हा फुंकते. मधल्या वेळात झोपायचे नाही, पळायचे नाही, काही खायचे नाही. वही घेऊन बसली तर गृहपाठ होईल!

यंत्र श्वासातला हायड्रोजन दहा लाख भागांत किती भाग, असा मोजते. हा आकडा किती बारीक आहे पाहा. हजार लिटरची पाण्याची टाकी घ्या. तिच्यात चहाचे चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर सरबत टाका. दहा लाख भागांत वीस भाग म्हणजे एवढे. आपले नाक ते ओळखणार नाही, कारण हायड्रोजनला वासच नाही. यंत्र ओळखते.

समजा तिचे आकडे असे आले. सुरुवातीला ४. अर्ध्या तासाने ५, एक तासाने ७, दीड तासाने १८, दोन तासांनी ३९, अडीच तासांनी ५२, तीन तासांनी ४७. पहिला तासभर आकडा जवळजवळ हलला नाही. तोपर्यंत साखर लहान आतड्यात होती आणि तेथे विकर कमी असल्यामुळे तशीच पडून राहिली. मग ती मोठ्या आतड्यात उतरली, जीवाणूंनी ती पकडली आणि हायड्रोजन श्वासात येऊ लागला. सुरुवातीपेक्षा २० किंवा त्याहून जास्त वाढ झाली, की लॅक्टोज पचले नाही असे डॉक्टर मानतात. त्याच वेळी तिचे पोट फुगले आणि गुडगुडले, म्हणजे आकडा आणि त्रास यांची जोडी जुळली. ही जोडी फार महत्त्वाची आहे. नुसता आकडा वाढला आणि त्रास काहीच झाला नाही, तर दूध सोडायला कोणी सांगत नाही.

आता त्या मुलीने दूध कायमचे बंद करावे का? नाही. वाढत्या वयात हाडांना दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हवाच. अशा बहुतेक माणसांना थोडे दूध जेवणाबरोबर घेतले तर चालते. दही तर चांगलेच चालते. दह्यातले जीवाणू दुधातली साखर काही प्रमाणात स्वतःच तोडून ठेवतात. १९८४ मध्ये लेव्हिट आणि त्यांचे सहकारी यांनी दूध पिणाऱ्यांचा आणि दही खाणाऱ्यांचा श्वास तपासून हे सिद्ध केले. आपल्या आज्यांनी वाटीभर दही आणि पेलाभर ताक जेवणात ठेवले, ते उगीच नाही. आणि "अभ्यासाचा कंटाळा" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला त्या मुलीजवळ आता सात आकड्यांचा कागद आहे.

याच यंत्रावर दुसराही प्रश्न विचारता येतो. लॅक्टोजऐवजी ग्लुकोज दिले तर ते लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. तरीही हायड्रोजन लवकर वाढला, तर जीवाणू मोठ्या आतड्याची हद्द सोडून लहान आतड्यात शिरले आहेत, अशी शंका घेता येते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत काम करीत असताना डॉ. उदय घोषाल यांनी २०११ साली अशा चाचण्यांचा अर्थ कसा लावावा, यावर लेख लिहिला आहे. अर्थ लावणे सोपे नसते. काही माणसांचे जीवाणू हायड्रोजनऐवजी मिथेन तयार करतात. अशा वेळी फक्त हायड्रोजन मोजणारे यंत्र "सगळे ठीक आहे" असे सांगते आणि फसवते. म्हणून चांगली यंत्रे दोन्ही वायू मोजतात.

आतापर्यंत आतड्याचे झाले. आता मेद्याकडे, म्हणजे जठराकडे येऊ. येथली गोष्ट जास्त गंभीर आहे.

जठरात इतके तीव्र आम्ल असते की तेथे जीवाणू जगूच शकत नाही, असे डॉक्टर अनेक वर्षे समजत होते. जठरात जखम झाली, म्हणजे अल्सर झाला, की लोक म्हणत, "काळजी फार करता, तिखट फार खाता." ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना सूक्ष्मदर्शकातून रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वळणदार जीवाणू दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्यासोबत काम करू लागले. जीवाणू काचेच्या बशीत वाढवून पाहायचा होता, पण तो वाढेना. १९८२ मध्ये इस्टरची सुट्टी आली, बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस पेटीत राहिल्या, आणि जीवाणू वाढलेला दिसला. त्याला सावकाश वाढायची सवय होती, एवढेच! आज त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी असे आहे. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जीवाणू घातलेले पाणी स्वतः पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. दुर्बिणीने पाहिले तर जठर सुजलेले होते. तुम्ही असले धाडस कधीही करू नका. मार्शल डॉक्टर होते, आणि तरीही त्यांची ती कृती धोक्याचीच होती. २००५ साली मार्शल आणि वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्लात हा जीवाणू जगतो कसा? येथे आपल्या कापसाच्या शेतातली एक ओळखीची वस्तू मदतीला येते. ती म्हणजे युरिया. पेरणीनंतर तुमच्या घरी युरियाची पोती येतात. ओल्या जमिनीत पडलेल्या युरियाचा उग्र वास तुम्ही घेतला असेल. तो अमोनियाचा वास. मातीतले जीवाणू युरिया तोडतात आणि अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हाच पदार्थ आपल्या यकृतातही थोडा थोडा तयार होतो आणि लघवीवाटे बाहेर जातो. जठरातला हा जीवाणू तेच करतो. तो युरिया तोडतो, अमोनियाने आपल्याभोवतीचे आम्ल मारतो आणि सुखाने राहतो. आपल्या शरीराच्या पेशींना युरिया तोडता येत नाही.

याचा उपयोग करून १९८७ मध्ये ह्यूस्टनचे डॉ. डेव्हिड ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासचाचणी लोकांपुढे ठेवली. रुग्णाला खास तयार केलेला, औषधाइतका शुद्ध युरिया अगदी थोडा, ७५ मिलिग्रॅमच्या आसपास, पाण्यातून देतात. (शेतातला युरिया विषारी अशुद्धीचा असू शकतो. तो चाखूनही पाहू नका.) या युरियातील कार्बन थोडा जड असतो. साधा कार्बन १२ वजनाचा, हा १३ वजनाचा. निसर्गातही शंभरात एकाच्या आसपास कार्बन असा जड असतो आणि तो किरणोत्सारी नाही. जीवाणू असेल तर तो युरिया तोडतो, जड कार्बन डायऑक्साइड होऊन रक्तात जातो आणि अर्ध्या तासात श्वासात येतो. औषध पिण्यापूर्वीची एक पिशवी आणि नंतरची एक, अशा दोन पिशव्यांची तुलना केली की उत्तर मिळते. जीवाणू नसेल तर युरिया तसाच निघून जातो. १४ वजनाच्या कार्बनची कॅप्सूलही असते. तिच्यात अगदी कमी किरणोत्सार असतो, तरी ती गरोदर स्त्रियांना देत नाहीत आणि मुलांनाही सहसा देत नाहीत. आपल्या देशातही या विषयावर काम चालू आहे. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात माणिक प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासावरून हा जीवाणू ओळखणारे पायरो-ब्रेथ नावाचे यंत्र बनविले आहे.

हा जीवाणू जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. काहींना मात्र अल्सर होतो. फार थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग होतो, म्हणून १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगाच्या कारणांत धरले. जीवाणू सापडला तर तीन-चार औषधे एकत्र, बहुधा चौदा दिवस घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडल्या तर जीवाणू राहून जातो आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्यांना दाद देत नाही.

आता ओट्यावर बसलेल्या त्या माणसांकडे पुन्हा पाहा. त्यातला एखादा शेतकरी गेली दोन वर्षे आम्ल कमी करणारी गोळी रोज खात आहे. मेडिकलवाला देतो, तो घेतो. गोळीने जळजळ दबते. पण या गोळीमुळे जठरातला जीवाणूही काही काळ सुस्त होतो, आणि मग श्वासचाचणी "जीवाणू नाही" असे खोटेच सांगू शकते. म्हणून अशी गोळी चाचणीच्या दोन आठवडे आधी आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी थांबवायची असतात. तीही डॉक्टरांना विचारूनच थांबवायची. म्हणजे डॉक्टरांकडे गेल्यावर आपण कोणत्या गोळ्या घेतो हे खरे सांगणे, ही त्या तपासणीची अर्धी तयारी झाली. घरी वडिलांना किंवा आजोबांना लिहिता येत नसेल, तर गोळ्यांची नावे कागदावर उतरवून देण्याचे काम तुम्ही करू शकता. रिकामी पाकिटे सोबत नेली तरी चालते.

आणि एक. श्वासाला जे विचारले, तेवढेच तो सांगतो. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाऊनही जठरात जखमा होतात. कापूस वेचणारी, फवारणीचा पंप पाठीवर वाहणारी कितीतरी माणसे त्या गोळ्या खातात. अशी जखम फुंकून कळत नाही. शौच डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त येणे, वजन उतरत जाणे, घास गिळताना अडकणे, यातले काही दिसले तर चाचणीची वाट पाहायची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे रुग्णालय, किंवा यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जेथे लवकर पोहोचता येईल तेथे जायचे. अशा वेळी दुर्बीणच लागते, आणि तिला घाबरून चालत नाही.

श्वासचाचणीचा सर्वांत चांगला उपयोग मला विचाराल तर उपचारानंतर होतो. चौदा दिवस औषध घेतले. जीवाणू गेला की नाही? पुन्हा दुर्बीण घालण्याऐवजी औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पिशवीत फुंकले की कळते. आणि १३ वजनाचा कार्बन किरणोत्सारी नसल्यामुळे एक सोय झाली आहे. श्वास एका लहान बंद नळीत भरून ठेवता येतो. तो अनेक दिवस टिकतो आणि टपालाने दूरच्या प्रयोगशाळेत पाठविता येतो. रुग्ण आपल्या गावीच राहतो आणि प्रवासाला फक्त त्याचा श्वास जातो.

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सेंट मार्टिनच्या पोटातील अन्न बोमाँट कसे तपासत?
(आ) श्वासातील हायड्रोजन कोणाकडून येतो?
(इ) तपासणीच्या आदल्या दिवशी भात का खातात?

२. पाठातील मुलीच्या सात आकड्यांचा आलेख काढा. सुरुवातीपेक्षा २० ची वाढ प्रथम कोणत्या नमुन्यात दिसते?

३. दूध न पचणाऱ्या माणसाला दही का चालते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

४. खबर, हवा, नमुना, तारीख, कागद हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. तुमच्या आजोबांना पोटाचा त्रास आहे आणि ते उद्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. त्यांचा त्रास आणि ते घेत असलेल्या गोळ्या सांगणारी दहा ओळींची चिठ्ठी मराठीत लिहा.